गाठ नसलेला कर्करोग

स्तनाच्या कर्करोगाबद्दल आपण बायकांना एकच शब्द शिकवला आहे : गाठ. शिबिरांत तोच, दवाखान्यातल्या तक्त्यांवरही तोच. तो चुकीचा नाही; बहुतेकींचा रोग गाठीनेच कळतो. पण स्तनाग्राच्या कातडीवर दिसणाऱ्या कर्करोगात, म्हणजे पॅजेटच्या रोगात, सुमारे निम्म्या रुग्णांच्या हाताला गाठ लागतच नाही, आणि गाठ नाही म्हणून निश्चिंत राहिलेली बाई महिनोन्‌महिने दुखणे अंगावर काढते.

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयातील सर्जन जेम्स पॅजेट यांनी १८७४ साली सुमारे पंधरा स्त्रियांची हकीकत लिहिली. त्यांचे स्तनाग्र इसब झाल्यासारखे लाल, ओलसर दिसे. मलमांनी ते बरे होईना. आणि बहुधा वर्षभरात, फार तर दोन वर्षांत, त्याच स्तनात कर्करोग आढळे. त्वचेच्या चिवट दाहामुळे पुढे कर्करोग होत असावा, असे पॅजेट यांना वाटले. आज बहुसंख्य तज्ज्ञ क्रम उलटा मानतात : रोग आधी आत, दुधाच्या नलिकांत सुरू होतो आणि त्याच्या पेशी नलिकेच्या वाटेने स्तनाग्राच्या कातडीपर्यंत येतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या सहज वेगळ्या दिसतात : मोठ्या, फिकट, ठसठशीत केंद्रकाच्या, त्वचेच्या नेहमीच्या पेशींमध्ये एकेकट्या किंवा पुंजक्याने विखुरलेल्या. म्हणजे कातडीवरची खपली ही आतल्या रोगाची खूण असते. नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या स्तनात आत कर्करोग सापडतो.

स्तनाच्या एकूण कर्करोगांत याचे प्रमाण १ ते ४ टक्के. इतक्या विरळ रोगासाठी सगळ्यांना धास्ती का घालावी, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. स्तनावरची बहुतेक खाज साधीच असते. पण भेद ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. इसब पुष्कळदा दोन्ही बाजूंना असते आणि स्तनाग्राभोवतीच्या गडद भागावर दिसते. पॅजेटचा रोग बहुतेक वेळा एकाच बाजूला असतो, स्तनाग्रापासून सुरू होऊन बाहेर पसरतो. जळजळ, खपली, रक्ताळ स्राव, आत ओढले गेलेले स्तनाग्र ही त्याची लक्षणे. मॅमोग्राफीत काही दिसले नाही तरी तो नाही असे म्हणता येत नाही. कातडीचा लहानसा तुकडा काढून केलेली बायोप्सीच निर्णय देते.

खरा घात मलम करते. मेडिकलमधून आणलेल्या स्टेरॉइडच्या मलमाने लाली काही दिवस ओसरते, बाईला हायसे वाटते, आणि आत रोग वाढत राहतो. याचा सगळा दोष संकोचावर ढकलून चालणार नाही. बाई संकोचते हे खरे. पण न तपासता, नुसते ऐकून मलम लिहून देणारा डॉक्टरही त्या उशिराचा वाटेकरी आहे. रोग नलिकांतच असताना सापडला तर बरे होण्याची शक्यता फार चांगली असते, आणि योग्य रुग्णांत स्तनाग्राचा भाग काढून, पुढे किरणोपचार देऊन उरलेला स्तन वाचवता येतो. वेळ गेला की ही सवलत हातची जाते.

म्हणून गाठीच्या जोडीला आणखी एक वाक्य प्रत्येक शिबिरात सांगितले गेले पाहिजे : एका बाजूच्या स्तनाग्रावरची जखम किंवा खपली दोन-तीन आठवड्यांत पूर्ण बरी झाली नाही, किंवा बरी होऊन पुन्हा आली, तर मलम बदलू नका, डॉक्टरांना दाखवा आणि बायोप्सीबद्दल विचारा.