सेनापतिपदाची वस्त्रे

ग्रीक शोकांतिकेतला राजा सहसा दुष्ट नसतो. तो कर्तबगार असतो, आणि ज्या हट्टाने त्याने राज्य सांभाळले तोच हट्ट पुढे त्याचे कान बंद करतो. सोफोक्लिसच्या 'अँटिगनी'तला क्रेऑन यादवीतून नुकत्याच सावरलेल्या थीब्जला शिस्त लावू पाहतो. नगर अँटिगनीच्या बाजूने आहे, हे मुलगा हेमॉन सांगतो तेव्हा क्रेऑनला त्यात फक्त पोराची उद्धट जीभ दिसते. एस्किलसचा अगामेम्नॉन ट्रॉय जिंकून घरी येतो. बायकोने वाटेत जांभळी वस्त्रे अंथरलेली असतात. हा मान देवांचा, हे त्याला कळते. तो कचरतो, पायताण काढतो आणि तरीही त्यावरून चालत आत जातो. आत त्याचा खून होतो.

नागपूरच्या इतिहासात असाच वस्त्रांचा एक समारंभ आहे. २४ नोव्हेंबर १८१७ रोजी मुधोजी उर्फ आप्पासाहेब भोसले यांनी पेशव्याने पाठवलेली सेनापतिपदाची वस्त्रे समारंभाने स्वीकारली. खडकीची लढाई होऊन तीन आठवडेही झाले नव्हते, म्हणजे देणारा ईस्ट इंडिया कंपनीशी उघड युद्धात होता. रेसिडेंट जेंकिन्सने समारंभाला येण्याचे नाकारले. त्याच्या नकाराचा अर्थ दरबाराला कळला नसेल, असे मानणे कठीण. दोनच दिवसांनी, २६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी, सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर तोफा सुरू झाल्या. कंपनीची फौज जेमतेम दीड हजार, भोसल्यांची तिच्या कितीतरी पट. रात्रभर लढाई चालली, सकाळी अरब शिपायांनी लहान टेकडी घेतलीही. पण फिट्झजेराल्डच्या घोडदळाने मुसंडी मारली, टेकडी परत गेली आणि दुपारपर्यंत डाव उलटला.

तरीही घात या समारंभात झाला, असे म्हणणे फार सोपे होईल. त्याचे मूळ दीड वर्ष मागे आहे. दुसरे रघुजी भोसले १८०३ मध्ये असई आणि अडगाव इथे हरले, देवगावच्या तहात कटक आणि वऱ्हाडचा पश्चिम भाग गमावून बसले. पण कंपनीची तैनाती फौज त्यांनी मरेपर्यंत राज्यात घेतली नाही. हा मानीपणा राज्याच्या उपयोगी पडला. मार्च १८१६ मध्ये ते वारले. मुलगा परसोजी दुर्बल होता. कारभार कोणी पाहायचा, यावरून पुतणे आप्पासाहेब आणि रघुजींची राणी बांकाबाई व तिचा साथीदार धर्माजी यांच्या गटात ओढाताण सुरू झाली. घरातल्या विरोधकांवर मात करायला आप्पासाहेबांनी मे १८१६ मध्ये तैनाती फौजेचा तह केला. थीब्जच्या कथेतला पॉलिनायसीझ भाऊ गादी सोडत नाही म्हणून आर्गोसची फौज वेशीवर आणतो. नागपुरात ती फौज तहाने, सन्मानाने आत आली. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजी बिछान्यात मृत सापडले. हा खून आप्पासाहेबांनी करवला, असा आरोप झाला. गादी मिळाली, आणि मग आपणच बोलावलेल्या फौजेचा जाच होऊ लागला.

पराभवानंतरचे वागणे मात्र ग्रीक साच्यात बसत नाही. पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणलेला सोफोक्लिसचा ओयदिपौस सत्य कळताच स्वतःला शिक्षा करतो. क्रेऑनही शेवटी दोष पत्करतो. आप्पासाहेबांनी हल्ला आपल्या हुकुमाने झाला नाही, असे कळवले. डिसेंबरात शरणागती, जानेवारीत कडक अटींवर पुन्हा गादी, मार्चमध्ये अटक. राजा म्हणून ते शोकांतिकेच्या उंचीला पोचत नाहीत. मे १८१८ मध्ये अलाहाबादच्या वाटेवर पहाऱ्यातून निसटून ते महादेवाच्या डोंगरात शिरले आणि तिथल्या गोंडांच्या साथीने कंपनीला महिनोन्‌महिने झुंजवत राहिले. गादीवर नसलेले नेतृत्व गादी गेल्यावर दिसले.

या निवाड्यात एक अडचण आहे. आप्पासाहेबांच्या कपटाचे वर्णन मुख्यतः कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या कागदांतून येते, आणि त्यांतला प्रमुख जेंकिन्स स्वतःच या भांडणातला पक्षकार होता. एस्किलसही जेत्यांपैकीच, मॅरेथॉनला लढलेला. पण सॅलमिसच्या विजयानंतर आठच वर्षांनी, इ. स. पू. ४७२ मध्ये, त्याने 'पर्शियन्स' लिहिले आणि हरलेल्या झर्क्सीझचा शोक अथेन्सच्याच रंगभूमीवर ऐकवला. आप्पासाहेबांना असा नाटककार शत्रूतही मिळाला नाही आणि घरातही नाही. ते १८४० मध्ये जोधपूरच्या आश्रयाला असताना वारले. नागपूरचे राज्य डलहौसीने १८५४ मध्ये खालसा केले.