मनुष्याचा निर्णय 'होय' व 'नाही' एवढाच असतो काय?

पुष्कळांचे असे म्हणणे असते की, प्रश्न कितीही गुंतागुंतीचा दिसला तरी त्याचे शेवटचे उत्तर एकाच शब्दाचे असते: होय किंवा नाही. कर्ज काढावे की न काढावे, साक्ष द्यावी की न द्यावी, मुलीला पुढे शिकवावे की न शिकवावे. विचार कितीही केला तरी पाऊल एक तर पुढे पडते, नाही तर पडत नाही. या म्हणण्यात तथ्य किती व उणेपणा किती, हे आपल्या वाशीम जिल्ह्यातील वाचकांस परिचित अशा गोष्टींवरून पाहू.

दारूचे दुकान बंद करण्याविषयी गावकऱ्यांनी मत द्यावे, अशी एक रीत महाराष्ट्रात आहे. 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या आधारे सरकारने 2008 मध्ये एक आदेश काढला. त्याप्रमाणे गावातील 25 टक्के मतदारांनी, किंवा स्त्री मतदारांपैकी तितक्या जणींनी अर्ज केला, म्हणजे राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्यांची पडताळणी करतो व मग गुप्त मतदान होते. मतपत्रिकेवर दोन चित्रे असतात, उभी बाटली व आडवी बाटली. दुकान राहावे असे ज्याला वाटते त्याचे मत उभीला, व बंद व्हावे असे ज्याला वाटते त्याचे आडवीला. अक्षर न ओळखणाऱ्या बाईसही हा प्रश्न कळतो. होय व नाही यांचे याहून स्पष्ट चित्र दुसरे कोणते असेल?

परंतु शिक्का मारणाऱ्या बायांच्या मनात डोकावून पाहा. एकीचा नवरा मजुरीचे पैसे दुकानात ठेवून येतो व चूल थंड राहते. ती आडव्या बाटलीवर शिक्का मारते. दुसरीचा मुलगा त्याच दुकानात नोकर आहे व त्याच्या पगारावर घर चालते. दारूचा तिलाही तिटकारा आहे, पण तिचा हात थांबतो. तिसरीला भय वाटते की दुकान गेले तर नाल्याकाठी हातभट्टी लागेल, आणि ते विष अधिक वाईट. चौथी घरच्यांच्या धाकाने मतदानास येतच नाही. पेटीतून मात्र केवळ उभ्या व आडव्या बाटल्याच निघतात. पेटी हात मोजते. अंतःकरण मोजण्याचे साधन तिच्याजवळ नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. स्त्रियांच्या मतदानात दुकान बंद होण्यास, आलेल्या स्त्रियांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण स्त्री मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीस पडावी लागतात, अशी त्या आदेशाची अट होती. समजा, यादीत 600 स्त्रिया आहेत. त्यांपैकी 400 आल्या. 290 जणींनी आडवी निवडली व 110 जणींनी उभी. आलेल्यांत आडवीचा पक्ष केवढा मोठा! तरी 301 झाल्या नाहीत, म्हणून दुकान चालूच राहते. ज्या 200 घरी बसल्या, त्यांनी 'नाही' म्हटले नव्हते. तरी त्यांचे मौन 'नाही'च्या पारड्यात पडले. यावरून दिसते की, उत्तर दोनच शब्दांत मागितले तरी प्रश्न कोणी व कोणत्या अटीवर विचारला, यावरही निकाल अवलंबून असतो.

मग होय-नाही हा प्रकार टाकूनच द्यावा काय? तसेही नव्हे. दुकानाला कुलूप लागते किंवा लागत नाही. अर्धे कुलूप कोणी पाहिले नाही. 'विषय फार नाजूक आहे, सावकाश पाहू,' असे जो म्हणतो, त्याला पुष्कळदा आहे तीच स्थिती सोयीची असते. सावकाश पाहणे हाही एक निर्णयच आहे, आणि त्याचा भार थंड चुलीजवळ बसलेल्या बाईवर पडतो.

तथापि काही प्रश्न मुळातच दोन शब्दांचे नसतात. आपल्याकडील शेतकरी सोयाबीन पेरतो, पण पावसाचा भरवसा नाही हे जाणून मधून मधून तुरीचे तासही ठेवतो. सोयाबीन की तूर, असे त्याला विचाराल तर तो हसेल. त्याचा शहाणपणा होय-नाहीत नाही, प्रमाणात आहे.

शिवाय एकदा दिलेला होकार कायमचा टिकत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात 1 एप्रिल 2015 पासून दारूबंदी लागू झाली, व 2021 मध्ये ती उठविण्यात आली. एकाच जिल्ह्याने सहा वर्षांत दोन उत्तरे पाहिली. चोरटी विक्री कोण रोखणार, व्यसनी मनुष्यास कोण सावरणार, बेकार झालेल्यास काम कोण देणार, हे प्रश्न होकारानंतरच उभे राहतात. त्यांची उत्तरे रोज द्यावी लागतात, व ती चित्रावर शिक्का मारून देता येत नाहीत.

मत्तयाच्या 21 व्या अध्यायातील दोन पुत्रांचा दाखला या ठिकाणी सहज आठवतो. बापाने मळ्यात जाण्यास सांगितले तेव्हा एकाने नकार दिला, पण पस्तावून तो गेला. दुसऱ्याने आदराने होकार दिला, पण गेला नाही. उत्तराच्या शब्दावरून पाहिले तर दुसरा चांगला. कृतीवरून पाहिले तर पहिला. त्याच शुभवर्तमानाच्या 5 व्या अध्यायात आपल्या होकाराचा अर्थ होकारच असावा, असे जे शिकविले आहे, ते बोलण्याच्या खरेपणाविषयी आहे. जगातील प्रत्येक प्रश्न सोपा आहे असे त्यात म्हटलेले नाही.

तेव्हा तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या. उत्तर देण्यापूर्वी प्रश्न नीट मांडला आहे की नाही ते पाहावे. उत्तर देण्याची वेळ आली म्हणजे मौनाच्या आड लपू नये, कारण मौनही मोजले जाते. आणि शेजारणीने आपल्याहून निराळे उत्तर दिले, तर त्या एका शिक्क्यावरून तिचे सर्व मन ओळखले असे समजू नये. दुकान बंद झाले तर तिच्या मुलाला काम शोधून देण्यास आपण जाऊ काय? या प्रश्नाचे उत्तर मात्र होय किंवा नाही यांपैकी एकच आहे, आणि ते पायांनी द्यावयाचे आहे.