बंदूक कोणासाठी?

आमच्या आज्याकडे ठासणीची बंदूक होती. नळीत दारू, चिंध्या, छरे घालून गजाने ठासायची. एक बार उडाला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर भातातून पसार. आजा म्हणायचा, "बरा आसा. दुसऱ्या बाराआधी इचार करूक येळ गावता."

वडील परळच्या गिरणीत, बिऱ्हाड लालबागच्या चाळीत. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा पाळणा. तिथे बंदूक कोणाच्या मनातही आली नाही. "चोर, चोर" ओरडले की अख्खा मजला जागा व्हायचा.

आता गावचा चुलतभाऊ विचारतो, ठासणीची घेऊ की बारा बोअरची? १९५९ च्या शस्त्र कायद्यात अर्धे उत्तर आहे: पीक राखायला ठासणीची, स्वसंरक्षणाला किंवा नेमबाजीला निदान २० इंच नळीची, गुळगुळीत नळीची बंदूक. उरलेले अर्धे आपण द्यायचे. अंधारात अंगणात आलेला चोर असेल, नाहीतर पिऊन वाट चुकलेला वाडीतलाच पोर. छऱ्यांना ओळखपाळख नसते. भात पुढच्या पावसात पुन्हा पिकते, पोर परत येत नाही.

मी म्हटले, "शेताक ठासणीची घे. घराक कुत्रो पाळ, शेजाऱ्याक हाक मार."

तो म्हणाला, "शेजारी मुंबैक गेले. हाक कोणाक मारू?"

त्याचे खरे आहे. वाडीतल्या कुलूपबंद घरांत आमचेही एक आहे. पण माणसे गेली म्हणून आलेली भीती बारा बोअरने कशी जाणार? मे महिन्यात आम्ही घर उघडतो आहोत.