पाठ दहावीत, पाळी सहावीत

जुलै २०२२ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील एका शासकीय आश्रमशाळेची तक्रार राज्यभर गाजली. पाळी सुरू असलेल्या मुलींना वृक्षारोपणापासून दूर ठेवले, त्यांनी लावलेली झाडे जळतात असे सांगितले, असा आरोप एका विद्यार्थिनीने केला. आदिवासी विकास विभागाने चौकशीचे आदेश दिले. कोण काय बोलले हे ठरवणे चौकशीचे काम. पण ही समजूत त्या शाळेत जन्मलेली नाही. तुळशीला शिवू नको, लोणच्याच्या बरणीला हात लावू नको, हे शिकल्यासवरल्या घरांतही मुलींना ऐकावे लागते.

प्रजननाचा धडा शाळेत असूनही ही समजूत टिकते, याचे एक मोठे कारण वेळेत आहे. गर्भाशय, अंडाशय, संप्रेरके, पाळीचे चक्र यांचा सविस्तर धडा येतो दहावीत. पाळी मात्र बहुतेक मुलींना सहावी ते आठवीच्या सुमारास येते, काहींना त्याआधीही. मधल्या वर्षांत मुलगी बाजूला बसायला, कपडा लपवायला आणि गप्प राहायला शिकते. मग विज्ञान येते ते गुणांपुरते. ती आकृतीला अचूक नावे देते आणि बरणीपासून दूरच राहते.

आश्रमशाळेत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाण्याकडचे अनेक पालक द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत मजुरीला जातात. मुलगी वसतिगृहात असते. पहिला डाग दिसतो तेव्हा आई जवळ नसते. अशा वेळी तिला आधीच सांगून ठेवलेले असणे, एवढाच तिचा आधार.

सरकारने वस्तू पोचवण्याचे प्रयत्न केले आहेत. २०१८ च्या महिला दिनी सुरू झालेल्या अस्मिता योजनेत जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत मिळणार होते. ते आवश्यकच होते. पण पॅड काही तासांनी बदलायचा, कपडा वापरला तर साबणाने धुऊन उघड्यावर, उन्हात वाळवायचा, हे तिला कोणी तरी सांगावे लागते. लाज शिल्लक असेल तर कपडा दुसऱ्या कपड्यांखाली, सावलीत, ओलाच राहतो आणि त्यातून संसर्गाचा धोका वाढतो. स्वच्छतेच्या आड साबणाची टंचाई जितकी येते, तितकीच ही लाजही येते.

मुलांना तर कोणीच काही सांगत नाही. आवाज फुटतो, मिसरूड येते, झोपेत वीर्यस्खलन होते. हे निरोगी वाढीचे लक्षण आहे, हे वडील बोलत नाहीत. मग मुलगा भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिरातींवर विश्वास ठेवतो. वर्गातल्या मुलीच्या डागावर हसणारा मुलगाही याच मौनात वाढलेला असतो.

‘इतक्या लहान वयात कशाला?’ हा आक्षेप जुना आहे. त्यामागची काळजी खरी आहे, पण आपण न बोलल्याने मूल अजाण राहत नाही. त्याला मोबाइल सांगतो, मित्र सांगतात, आणि बहुधा चुकीचे सांगतात.

म्हणून हा विषय पाचवीतच, मुलामुलींना एकत्र, रोजच्या शिक्षकांनी शिकवावा. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे. सुरुवात इथल्या आश्रमशाळांपासून करता येईल. वसतिगृहाच्या अधीक्षिकांना प्रशिक्षण, स्वच्छतागृहात पाणी आणि कडी असलेले दार, एवढी तयारी हवी. शरीर बदलण्याआधी त्याची माहिती मिळणे हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, आणि तो वेळेत मिळाला तरच त्याला अर्थ आहे.