दुसरा जन्म आणि भाऊपण

सज्जनहो, आपल्या मासिकात ख्रिस्ती धर्मावरचा लेख पाहून काही मंडळींच्या कपाळाला आठी पडेल. "बुवा, आपल्या घरात काय उणे आहे म्हणून दुसऱ्याच्या घरात डोकावता?" असे विचारणारे भेटणार, हे धरूनच मी लिहायला बसलो आहे. त्यांना सांगणे इतकेच, की आपल्या वहीतली हिशेबाची चूक आपल्याला लवकर दिसत नाही. अक्षर आपलेच असते, डोळ्याला सवय झालेली असते. तीच चूक शेजाऱ्याच्या वहीत असली तर चटकन दिसते. मग आपली वही उघडावी.

प्रश्न आहे दुसऱ्या जन्माचा. आपण पुनर्जन्म मानतो, तो देह पडल्यावरचा. ख्रिस्ती लोक तसा पुनर्जन्म मानत नाहीत. ते ज्याला नवा जन्म म्हणतात तो याच देहात, याच आयुष्यात व्हायचा असतो. त्याची मूळ कथा योहानाच्या शुभवर्तमानात तिसऱ्या अध्यायात आहे. यरुशलेमात निकदेम नावाचा एक मोठा शास्त्री होता, परूशी पंथाचा. तो येशूकडे गेला तो रात्री. दिवसा का नाही गेला? अहो, शास्त्री दिवसा विचारायला जात नाहीत, दिवसा ते सांगायला बसतात! आम्हा पढिकांची ही खोड सगळ्या देशांत सारखीच दिसते. येशूने त्याला नव्या जन्माची गोष्ट सांगितली. तेथे मूळ ग्रीकात जो शब्द आहे, 'आनोथेन', त्याचे अर्थ दोन होतात, 'पुन्हा' आणि 'वरून'. आपण ज्याला श्लेष म्हणतो तोच हा. निकदेमाने 'पुन्हा' एवढाच अर्थ घेतला आणि म्हातारा माणूस आईच्या पोटात परत कसा शिरणार, अशी शंका काढली. शब्द हाती आला, अर्थ वर राहिला.

पण हा निकदेम पुढे त्याच ग्रंथात आणखी दोनदा येतो. एकदा तो आपल्याच पंथाच्या लोकांत उभा राहून विचारतो, की माणसाचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला दोषी कसे ठरवता? आणि शेवटी, येशूला क्रूसावर मारल्यावर, हा बोळ आणि अगरू यांचे शंभर लित्रा मिश्रण घेऊन अंत्यविधीला येतो. आपल्या मापाने ते तीस किलोंहून जास्त भरते. मला वाटते, त्या रात्रीच्या प्रश्नाचे उत्तर त्याला इथे मिळाले असावे. बोलण्यात नव्हे, ते ओझे उचलण्यात.

आता नवा जन्म झाला हे ओळखावे कसे? तोंडाने म्हणणारे पुष्कळ. पेत्र आणि योहान यांच्या नावाने जी पत्रे आहेत त्यांत खूण सांगितली आहे, आणि ती मोठी व्यवहारी आहे. ज्याने जन्म दिला त्याच्यावर प्रेम असेल तर त्याच्या इतर लेकरांवरही प्रेम असलेच पाहिजे. बाप एक म्हटला की भावंडे आपोआप आली. न दिसणाऱ्या देवावर प्रेम आहे म्हणायचे आणि समोर दिसणाऱ्या भावाचा द्वेष करायचा, हे खोटे. ग्रीक भाषेत 'फिलाडेल्फिया' हा शब्द तोवर सख्ख्या भावाबहिणींच्या प्रेमासाठी वापरत असत. या मंडळींनी तो उचलून रक्ताचे नाते नसलेल्या माणसांना लावला. ऐकायला गोड, पण निभवायला किती अवघड, ते एका छोट्या पत्रात दिसते.

हे पत्र पौलाने तुरुंगातून फिलेमोन नावाच्या गृहस्थाला लिहिले. अवघ्या पंचवीस ओव्यांएवढे, बरे का! फिलेमोन सधन होता, त्याच्या घरात भक्तमंडळी जमत. ओनेसिम हा त्याचा गुलाम. परंपरा सांगते, की तो मालकाकडून पळाला आणि पौलाला जाऊन भेटला. पळालेल्या गुलामाच्या कपाळावर डाग देण्याची रीत त्या रोमी राज्यात होती. अशा माणसाला पौल आपला मुलगा म्हणतो, बेड्यांत असताना झालेला मुलगा! आणि त्याला परत पाठवताना आपले काळीज म्हणतो. ओनेसिम या नावाचा अर्थ 'उपयोगी'. त्यावर पौल कोटीही करतो, की पूर्वी हा तुझ्या उपयोगाचा नव्हता, आता तुझ्या आणि माझ्याही उपयोगाचा झाला. पुढे मागणे काय, तर याला गुलाम म्हणून न घेता त्याहून अधिक, प्रिय भाऊ म्हणून घे. मीच आलो असे समजून घे. त्याचे काही देणे असेल तर माझ्या नावे मांड, मी फेडीन. हे वाक्य पौलाने स्वतःच्या हाताने लिहून दिले आहे, सावकाराला खत लिहून देतात तसे.

अथर्ववेदात ब्रह्मचर्यसूक्त आहे. त्यात आचार्य शिष्याला तीन रात्री आपल्या उदरात गर्भासारखा धारण करतो, असे म्हटले आहे. पाठशाळेत ते सूक्त मी पाठ केले होते. पण बेड्यांतल्या माणसाने एका पळपुट्या गुलामाला जन्म दिला हे वाचले, तेव्हा 'उदरात धारण करणे' म्हणजे काय ते मला अधिक कळले. त्याचे ऋणसुद्धा आपल्या अंगावर घ्यायचे.

इथे एक शंका येते, आणि ती टाळता येत नाही. 'याला मोकळा कर' असे पौलाने सरळ का लिहिले नाही? काहींच्या मते ते ओळींमधून ध्वनित आहे. असेलही. पण मला तरी वाटते, की एक पाऊल कमी पडले, आणि त्या रिकाम्या जागेत पुढे मालक लोक येऊन बसले. अमेरिकेत व्हर्जिनिया ही इंग्रजांची वसाहत होती. तिथल्या गुलामांना बाप्तिस्मा मिळू लागला तेव्हा मालकांना धास्ती पडली, की आता हे भाऊ झाले, मग यांना बांधून ठेवायचे कसे? त्यावर १६६७ साली तिथल्या सभेने कायदाच केला, की बाप्तिस्म्याने गुलामाच्या स्थितीत काही फरक पडत नाही. म्हणजे दुसरा जन्म खुशाल होऊ द्या, पहिल्या जन्माला त्याने हात लावता कामा नये! पुढे एकोणिसाव्या शतकात जॉर्जिया प्रांतात एक धर्मोपदेशक गुलामांच्या सभेत याच पत्रावर बोलला, आणि पळून जाणे पाप आहे असा त्यातून बोध काढला. त्यानेच लिहून ठेवले आहे, की निम्मी सभा उठून चालती झाली. असे पत्र बायबलात नाहीच, असेही काहींनी तोंडावर सांगितले. शब्दाने पाहिले तर ते चुकले, पत्र आहे. पण अर्थाने? त्या निरक्षर माणसांनी निकदेमाहून चांगला अर्थ लावला असे मी म्हणेन. कायद्याने ती गुलामगिरी संपायला १८६५ साल उजाडले.

आता आपली वही. 'द्विज' म्हणजे दोनदा जन्मलेला. केवढा थोर शब्द! पण हा दुसरा जन्म कोणाला मिळणार, तर ज्याचा पहिला जन्म अमक्या घरात झाला त्याला. सज्जनहो, व्हर्जिनियाच्या सभेने वेगळे काय केले? वारीत आपण एकमेकांच्या पायांवर डोके ठेवतो, समोरच्याची जात विचारत नाही. पण चोखोबांची समाधी आहे कुठे? महाद्वाराच्या पायरीशी, बाहेर. पंढरीचे मंदिर सगळ्यांना मोकळे व्हावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावावे लागले. टाळ कुटत होतो आपण सहाशे वर्षे, आणि दार उघडायला एका शाळामास्तराचे उपोषण लागले.

ख्रिस्ती झालेल्यांचे हे आपोआप सुटले असेही नाही. दक्षिणेत एकाच गावात ख्रिस्ती लोकांच्या स्मशानभूमी जातीप्रमाणे वेगळ्या राहिल्या आहेत. मात्र आपल्या महाराष्ट्रात ना. वा. टिळक १८९५ साली मुंबईत ख्रिस्ती झाले, तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, आणि पुढे ते ख्रिस्ती कीर्तनेही करीत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र १९०० सालापर्यंत थांबल्या. सोवळ्याओवळ्यात वाढलेली ती बाई, कोणाच्या हातचे पाणी घ्यावे या एका प्रश्नाशी कशी झगडली, ते 'स्मृतिचित्रे'त वाचावे. नवरा कवी, त्याला ज्ञान एकदम झाले असेल. तिला घागरीच्या पाण्याशी झगडावे लागले. माझा ओढा तिच्याकडे अधिक आहे.

एक शेवटची शंका. हे भाऊपण आपल्या पंथापुरतेच का? माळ असेल तो भाऊ, नसेल तो कोण? पेत्राच्या दुसऱ्या पत्रात गुणांची एक चढण सांगितली आहे. तिच्यात बंधुप्रेम ही शेवटची पायरी नाही; तिच्यावर आणखी एक पायरी आहे, नुसत्या प्रेमाची. खालची चुकवून वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही, हेही खरे. सगळ्या जगावर प्रेम करणारे आणि घरच्या भावाशी कोर्टात भांडणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. फिलेमोनाला पौलाने जग जिंकायला सांगितले नव्हते, दारात उभ्या असलेल्या एका माणसाला आत घ्यायला सांगितले होते. आणि ते पत्र नुसते त्याच्या नावाचे नव्हते, त्याच्या घरात जमणाऱ्या मंडळींच्याही नावाचे होते. म्हणजे ते चारचौघांत वाचले जायचे. शेवटी पौल म्हणतो, माझ्यासाठीही राहायची जागा तयार ठेव, मी येईन.