पार्थिव मूर्ती आणि पर्यावरणाचा देखावा

सार्वजनिक गणेशोत्सवातील देखावा, म्हणजे मंडपात पुतळे, प्रकाश आणि ध्वनी यांतून उभा केलेला प्रसंग, ही पुण्याच्या पेठांतील सर्वांत लोकाभिमुख कला होय. नदीप्रदूषण, पाणीबचत, वृक्षतोड हे विषय तिने केव्हाच आपलेसे केले आहेत. मात्र ज्या मूर्तीपुढे नदी वाचवण्याचा संदेश द्यायचा, ती मूर्तीच नदीला बाधक द्रव्याची असेल, तर धर्माच्या दृष्टीने त्या संदेशाला किती मोल उरते, हा प्रश्न देखाव्याच्या झगमगाटात सहसा विचारला जात नाही.

गणेशचतुर्थीची पूजा पार्थिव, म्हणजे मातीच्या, मूर्तीची सांगितलेली आहे. प्राणप्रतिष्ठेने तिच्यात देवतेचे आवाहन होते, आणि उत्तरपूजेत अक्षता वाहून मूर्ती जागेवरून किंचित हलवली की देवतेने निरोप घेतला, असे मानतात. म्हणजे त्यानंतर पाण्यात जाते ती केवळ माती, आणि तिला मूळ रूपात परत पोहोचवणे एवढेच विसर्जनाचे प्रयोजन उरते. प्लास्टर ऑफ पॅरिस, म्हणजे भाजलेला जिप्सम, पाण्यात सहजी विरघळत नाही, त्यामुळे तेथे विधी पार पडतो पण प्रयोजन सिद्ध होत नाही. (शाडूची मातीही अगदी निर्दोष नव्हे, तिचाही गाळ तळाशी साचतोच.) अशा मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवण्याची, पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेली रीत उपयुक्त खरी, पण ती चूक घडल्यानंतरची आहे.

बुधवार पेठेत याहून जुने उत्तर उपलब्ध आहे. भाऊसाहेब रंगारी यांनी १८९२ साली बसवलेली, राक्षसाचा वध करणाऱ्या गणेशाची मूर्ती लाकूड आणि भुसा यांची असून ती पाण्यात सोडली जात नाही. दगडूशेठ हलवाई गणपतीची मूर्तीही वर्षभर मंदिरात पूजली जाते. देवता उत्तरपूजेतच निरोप घेत असेल, तर मूर्ती राखून ठेवल्याने विधीला बाध येण्याचे कारण नाही. पर्यावरणाचा विचार मनात नसतानाही या मूर्तींनी जे साधले, ते कित्येक बोलक्या देखाव्यांना साधलेले नाही.

गीतेत ज्याला लोकसंग्रह म्हटले आहे, म्हणजे श्रेष्ठांनी स्वतःच्या वर्तनाने लोकांना मार्गावर ठेवणे, त्यात उपदेशापेक्षा आचाराला अधिक वजन आहे. आणि नामवंत मंडळांचे अनुकरण गल्लीबोळांतील मंडळे करतात, हे पुण्यात वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून देखाव्यांच्या स्पर्धेत पर्यावरणाच्या विषयाला गुण देताना परीक्षकांनी त्या मंडळाची मूर्ती कशाची आहे आणि दहा दिवसांनंतर ती कोठे जाते, हे आधी विचारावे.