घरी नसलेला देवदत्त

पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, म्हणजे १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर तिसऱ्या प्रहराच्या सुमारास विश्वासरावांस गोळी लागली, त्यांचा देह अंबारीत ठेवण्यात आला, आणि सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरून, घोड्यावर स्वार होऊन, खाशा स्वारांनिशी गर्दीत शिरले. येथपर्यंत आपल्या बखरी आणि सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडिताची हकीकत यांचा मेळ थोड्याफार फरकाने बसतो. यापुढे मात्र जो तो आपापल्या भाऊंना घेऊन निराळ्या वाटेने जातो. काशीराजाच्या सांगण्याप्रमाणे प्रेतांच्या राशीत एक शिरोहीन देह सापडला, शरीरावरील खुणांवरून तो भाऊंचा ठरला, शिर मागाहून मिळाले आणि त्यास यथाविधी अग्नी देण्यात आला. तर रोहतकजवळच्या सांघी गावची परंपरा अशी की भाऊ जखमी अवस्थेत तेथे पोहोचले आणि पुढे नाथपंथी साधू होऊन राहिले.

माझे मत विचाराल तर काशीराजाची साक्ष मला ग्राह्य वाटते, आणि भाऊ त्याच दिवशी रणात पडले याविषयी मला फारशी शंका नाही. परंतु अडीच शतकांनंतर दफ्तरे चाळून माझी खात्री होणे निराळे आणि पुण्यास बसलेल्या भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंची खात्री होणे निराळे. स्वतः त्या रणक्षेत्राहून कशाबशा वाचून परतलेल्या या स्त्रीने वैधव्याची चिन्हे धारण करण्यास नकार दिला. आणि तिच्या या आग्रहास भाबडेपणा म्हणून बाजूस सारणारांनी आपल्याच दर्शनकारांचा विचार नीट केलेला नाही, असे मला म्हणावेसे वाटते.

मीमांसकांनी अर्थापत्तीचे जे उदाहरण शिष्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांस पढविले, ते एका न दिसणाऱ्या माणसाचेच आहे: देवदत्त जिवंत आहे, तो घरात नाही, त्याअर्थी तो बाहेर कोठेतरी असला पाहिजे. या युक्तीचे सारे बळ तिच्या पहिल्या पदात, म्हणजे तो जिवंत असल्याच्या निश्चयात आहे; तो निश्चय काढून घेतला की घरात नसणे एवढेच हाती उरते, आणि त्यावरून ना बाहेर असणे सिद्ध होते, ना नसणे. मीमांसकांच्या भाट्टमताने अनुपलब्धी, म्हणजे वस्तू न दिसणे, हे अभावाचे प्रमाण खरे, पण वस्तू तेथे असती तर दिसलीच असती अशी स्थिती असेल तेव्हाच. धूळ, धूर आणि पळापळ यांनी व्यापलेल्या मैदानात तिन्हीसांजेच्या सुमारास कोणी एक स्वार दिसला नाही, ही त्या कोटीतील अनुपलब्धी नव्हे. पार्वतीबाईंपुढे जे मांडले गेले ते तर्क होते, परमुलखातून आलेली वार्ता होती; आणि ज्या प्रमाणाने दुसऱ्याचे पूर्वायुष्य कायमचे मिटवावयाचे, ते प्रमाण कडक मागण्याचा अधिकार जिचे ते आयुष्य आहे तिचाच असतो.

या बाबतीत धर्मशास्त्राने दाखविलेला विवेक मला फार मोलाचा वाटतो. निर्णयसिंधूसारख्या निबंधग्रंथांत देशांतरी गेलेल्या आणि वार्ता न कळलेल्या माणसासाठी त्याच्या वयोमानाप्रमाणे वीस, पंधरा किंवा बारा वर्षे वाट पाहावी असे सांगितले आहे. मुदत सरल्यावर पळसाच्या ३६० देठांची प्रतिकृती करून, मस्तकाच्या जागी नारळ ठेवून, तिला अग्नी द्यावयाचा. (१८७२ च्या पुराव्याच्या कायद्याने ही मुदत सात वर्षांवर आणली, आणि त्यामुळे वारसा व मिळकतीचे तंटे सुटले, त्या कायद्याचे काम तेवढेच होते.) हा दाह करणारा ‘तो मेला हे मला कळले’ असे म्हणत नाही; तो कळण्याची वाट पाहणे थांबवून आपले पुत्रकर्तव्य किंवा बंधुकर्तव्य तेवढे पार पाडतो. आणि तो माणूस पुढे जिवंत परतला, तर त्यास घृतकुंभात बुडवून बाहेर काढावे, जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावे, आणि त्याने आपल्याच पत्नीशी नव्याने विवाह करावा, असेही हेच शास्त्र सांगते. ज्या विधीने दार लावले त्याच विधीने ते उघडण्याची तजवीज करून ठेवणाऱ्या शास्त्रकारांच्या मनाचा मोठेपणा आपल्याकडे पुरेसा ओळखला गेलेला नाही.

अर्थात उघड्या दारातून कोण आत येतो, याची शहानिशा करावी लागते. सुखनिधान नावाच्या कनोजी ब्राह्मणाने आपणच भाऊ असल्याचे सांगितले, माधवरावांनी त्यास कैद केले, तरी १७७६ साली रत्नागिरीच्या सुभेदाराने त्यास सोडवून उभे करताच कोकणातील किल्ले आणि माणसे त्याच्या मागे गेली. हे सारेच लोक मूर्ख किंवा फितूर होते असे मला वाटत नाही. पंधरा वर्षे त्यांनी भाऊंच्या शेवटच्या वाटेविषयी इतके तर्क केले होते, की त्या तर्कांच्या टोकाशी एक माणूस उभा दिसल्यावर त्यास नाकारणे त्यांना जमले नाही; आणि शास्त्राची दीर्घतम मुदत धरली तर वाट पाहण्याचा काळ अजून संपलाही नव्हता. पुण्यात रीतसर चौकशी झाली, तोतयास त्याच वर्षीच्या डिसेंबरात देहान्त शासन झाले. मात्र तो भाऊ नव्हता एवढेच त्या चौकशीने ठरले. भाऊ कोठे गेले हा पार्वतीबाईंचा प्रश्न त्या चौकशीपुढे नव्हता, आणि तिच्या निवाड्याने तो सुटलाही नाही.